तिसऱ्या विहिरीचा तक्ता

३ जानेवारी
पोचले. विमान वेळेवर, बॅगही माझ्याबरोबरच आली, म्हणजे वर्षाची सुरुवात बरी म्हणायची. कॅम्पमधली खोली छोटी पण उबदार आहे. जेवणात वाटाण्याचं सूप आणि खारवलेलं मांस होतं. आचारी आमच्याच बेटाचा निघाला. ड्युल्सी पिट्मन हे नाव ऐकल्यावर त्याने विचारलं, कुठल्या खाडीच्या पिट्मन? सांगितल्यावर एक डाव जास्त वाढला.

सत्तावन्नाव्या वर्षी नवी नोकरी म्हणजे हौस नव्हे. एकवीस वर्षं मासळीच्या कारखान्यात उभी राहिले, मग इथे डांबरी वाळू धुण्याच्या विभागात नऊ. आता बदली मिळाली ती धूर पकडणाऱ्या विभागात. वाळूतलं तेल शिजवताना जो वायू चिमणीतून जातो तो इथे वेगळा काढतात, दाबून नळीत भरतात आणि तीन विहिरींतून जमिनीखाली दोन किलोमीटर ढकलतात. माझं काम तिसरी विहीर. रोज दुपारी आकडे बघायचे, तक्त्यात लिहायचे. घरी नवऱ्याला, ॲम्ब्रोजला, फोनवर सांगितलं, बसून खायची नोकरी आहे. तो म्हणाला, मग परत आलीस की दारातून मावणार नाहीस.

५ जानेवारी
माझा जोडीदार इसिडोर कार्डिनल. साठीचा, इथल्याच नदीकाठचा, मेती, म्हणजे इथले मूळ रहिवासी आणि फ्रेंच अशा मिश्र वंशाचा. बोलतो कमी आणि बोलला की टोचतो. मला ‘बेटावरची म्हातारी’ म्हणतो. मी त्याला सांगितलं, तू माझ्याहून तीन वर्षांनी म्हातारा आहेस. तर म्हणे, पण मी तुझ्यासारखा कण्हत नाही.

विहिरीची टपरी खोलगट जागेत आहे. गाडी वर काठावर थांबवायची, एकाने गाडीत बसायचं, दुसऱ्याने बासष्ट लोखंडी पायऱ्या उतरायच्या. छातीवर वायू मोजायचा मीटर. हा वायू हवेहून जड, गळला तर खड्ड्यात साचतो. पहिल्याच दिवशी शिकवतात की खाली कोणी पडलेलं दिसलं तर त्याच्या मागे उतरून जायचं नाही, बहुतेक माणसं वाचवायला जाऊनच मरतात.

तक्ता कागदावरच असतो, कारण थंडीत तारा गोठतात. दाब, हवेतला वायू, थंडी, कोण उतरलं आणि शेरा. शेरा रिकामा ठेवला की फोरमन हॉर्वुडला वाटतं आपण गेलोच नाही, म्हणून सगळे काहीतरी खरडतात: कडी घट्ट, बर्फ साचला. लिहिलेलं खोडायचं असेल तर दुसऱ्याची सही लागते. एकाच्या सहीने खोडलेलं धरत नाहीत.

७ जानेवारी
आज माझी पाळी होती. उतरताना काही नाही, चढताना गुडघ्यांनी देव दाखवला. संध्याकाळी बूट काढायला दहा मिनिटं लागली. पलंगावर बसून नुसतीच भिंतीकडे बघत राहिले. कॅम्पवरच्या अजून दोन खेपा झाल्या की पेन्शन. तेवढं रेटायचं.

८ जानेवारी
इसिडोरला दुसऱ्या विभागात दुरुस्तीसाठी पाठवलंय, पंधरा तारखेला परत येणार. तोवर मी एकटी. एकटीने उतरायचं नाही असा नियम आहे, पण तक्ता भरायचाच असाही आहे. हॉर्वुड म्हणाला, बघ काय जमतं ते.

उणे चाळीस. गाडीतून पाय बाहेर काढवेना. मग उंटावरून शेळ्या हाकल्या. काल होते तसेच आकडे लिहिले. हात चालता होताच तर पुढचे सात दिवसही मनानेच भरून टाकले. पंधरा तारखेला ‘कोण उतरलं’मध्ये इसिडोरचं नाव घातलं, त्याची पाळी म्हणून. शेरे लिहिताना मजा आली: कोल्ह्याच्या पावलांचे ठसे. दिवा गेला. पायरीवर मेलेला पक्षी. पंधराला काही सुचेना, जागा मोकळी ठेवली. मग गाडीतच डोळा लागला. कितीतरी दिवसांनी चांगली झोपले.

९ जानेवारी
मनाला लागलं म्हणून आज उतरले. टपरीभोवती कोल्ह्याचे ठसे होते. आता कोल्हे इथे आहेतच. पण ठसे दारापर्यंत जातात आणि परत येत नाहीत. दार बंद. आत कोल्हा नाही.

११ जानेवारी
काल टपरीतला दिवा गेला. आज पाचव्या पायरीवर कावळा, पाय वर करून. दाबाचा आकडा मी गाडीत बसून ठोकून दिला होता, ८२४७. काटा बरोबर तिथेच.

फोनवर ॲम्ब्रोजला सांगायचं म्हटलं, तर तो छत गळतंय म्हणाला, मग छतावरच बोललो. दमलेय. दमलेल्या माणसाला काहीही दिसतं.

१३ जानेवारी
तक्ता बाहेर काढून नीट वाचला. वाचायला नको होता.

पंधरा तारखेच्या ओळीत मी रकाने उलटे भरलेत. झोपेत. चाळीस हा आकडा थंडीचा, आम्ही उणे लिहितच नाही. तो वायूच्या रकान्यात गेलाय आणि हवेतला वायू, शून्य दशांश शून्य चार, तो थंडीच्या. हवेत चाळीस टक्के वायू म्हणजे दोन श्वासांत माणूस आडवा. आणि पुढे इसिडोरचं नाव.

रेघ मारली, बरोबर आकडे वर लिहिले, सही केली. एक सही.

१४ जानेवारी
इसिडोर एक दिवस आधीच आला. जेवताना त्याच्यासमोर तक्ता ठेवला आणि सगळं कबूल केलं. फोरमनला कळलं तर नोकरी जाईल, पेन्शन जाईल, तेही सांगितलं. वाटलं हसेल. हसला नाही. त्याचे वडील जंगलात जनावरांसाठी लावलेल्या सापळ्यांची ओळ चालून आल्याशिवाय कशात काय सापडलं ते बोलत नसत, असं म्हणाला.

मी त्याच्यापुढे पेन धरलं. फक्त सही कर म्हटलं. पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं.

“जे मी बघितलं नाही त्याच्यावर मी सही करत नाही, म्हातारे. तुझ्यासाठीसुद्धा नाही. उद्या बघतो, मग करतो.”

बघायला जाऊ नकोस, तेवढ्यासाठीच तर सही मागतेय, हे मी तीनदा सांगितलं. तो खीर खात राहिला. शेवटी म्हणाला, झोप जा, तुझं तोंड बघवत नाही. गाडीची किल्ली मी उशाखाली ठेवलीय.

१५ जानेवारी, सकाळ
छतावरून पाणी गळतंय. जानेवारीत. रात्रीत थंडी शून्यावर आली. जेवणघरात सगळे खूश, कोणी कोट न घालताच बाहेर उभे. आचारी म्हणाला, एवढ्या उत्तरेला असं उबदार वारं कधी येत नाही.

खोडलेलं धरलं नाही.

इसिडोर खोलीत नाही. दुसरी गाडी घेऊन गेला.

काठावर
त्याची गाडी चालू आहे, आत कोणी नाही. ओल्या बर्फात त्याचे बूट खाली गेलेत. तिसऱ्या पायरीवरच माझा मीटर ओरडला. परत फिरून गाडीत बसले. हॉर्वुडला रेडिओवर सांगितलं, माणसं निघालीत, चाळीस मिनिटं. चाळीस.

तो दिसतोय. टपरीच्या दारात, तोंडावर पडलेला. मागे जायचं नाही. मागे जायचं नाही. माझ्या आळसाने—

शेऱ्याची जागा मोकळी आहे. मोकळ्या जागेत लिहायला दुसरी सही लागत नाही.

लिहिलं. ‘इसिडोर पायऱ्या चढून वर आला.’

हलला. हलला तो. उठतोय. देवा, तुझे उपकार, उठतोय—

हाक मारली. वर बघत नाही. एकेक पायरी, न थांबता, न धापता. बासष्ट पायऱ्या कोणी असं चढत नाही.

आला. गाडीच्या काचेशी उभा आहे. ओठ निळे. डोळे उघडे, पापणी नाही हलत. छाती— बघतेय कधीची— छाती हलत नाही.

मी वर आला एवढंच लिहिलं. जिवंत असं नाही लिहिलं. शेऱ्याची ओळ भरली, आता जागा—

तोंड उघडलं. “काच खाली कर, म्हातारे. सही करायचीय.” बोलला की माझा मीटर ओरडतो. गप्प झाला की थांबतो.

काच बंद आहे. तरी आकडा चढतोय. चार. नऊ. त्याने हात पुढे केलाय, पेन मागतोय, समासात लिहिते, जिवंत, इसिडोर जिवं