लाल आहे का, सांग

खरवई, बदलापूर
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

प्रिय सई,

सप्रेम जय भीम.

सकाळी सहाला उठले. पाणी भरलं. दहाला तू पाठवलेल्या नव्या टीव्हीचा फिटिंगवाला आला, त्याला भिंतीला भोकं पाडायची होती. मी त्याला परत पाठवलं. दुपारी वरणभात खाल्ला. चार ते सहा जुन्या टीव्हीच्या मागे बसले होते. आता साडेसहा झालेत.

फिटिंगवाल्याचा मेसेज तुला बंगलोरला पोहोचला असेल आणि तू चिडली असशील. चिड. फोनवर सांगायला गेलं की तू म्हणतेस, "मम्मी, मुद्द्यावर ये," आणि मुद्दाच माझ्या तोंडून निघत नाही. म्हणून लिहिते आहे. मधलं गाळू नकोस.

जुन्या टीव्हीचा तो पंचवीस किलोचा डबा परत डायनिंग टेबलवर आला आहे. हॉलमधून उचलायला वॉचमनला बोलावलं, तर तो म्हणाला, मावशी, टेबलवर कशाला, सरळ खाली भंगारात नेतो. प्रत्येकाला तो भंगारातच न्यायचा आहे. तुलाही. मी तीन आठवड्यांपूर्वी तुझं ऐकून द्यायलाच निघाले होते. द्यायच्या आधी एकदा चालू करून बघावं म्हणून तुझा शाळेतला गेमचा डबा जोडला. चित्र आलं. अगदी स्वच्छ आलं, पण त्यात लाल रंग नव्हता. गेममधली तुझी गाडी काळी दिसत होती.

पप्पांनी यात नेमकं काय केलं होतं, हे तू कधी विचारलं नाहीस. चॅनेल बदललं की कोपऱ्यात हिरवा आकडा यायचा, आठवतं? तो कसा कडक, कोरल्यासारखा दिसायचा आणि बाकीचं चित्र पुसट. कारण तो आकडा टीव्हीच्या आत तीन वेगळ्या तारांनी पडद्याकडे जातो. लाल, हिरवी, निळी. बाहेरचं चित्र मात्र एकाच पिवळ्या वायरने येतं आणि वाटेत सगळे रंग एकमेकांत कालवले जातात. आकड्याच्या त्याच वाटेने गेमचं चित्र आत सोडायचं, एवढंच त्यांचं काम होतं. तू अकरा वर्षांची असताना एकदा म्हणाली होतीस, "पप्पा, गाडी दिसते, पण अक्षरं वाचता येत नाहीत." तू विसरलीस. त्या माणसाने सतरा वर्षं लक्षात ठेवलं आणि या वर्षी अशोक विजयादशमीला तू घरी येणार म्हणून टीव्ही उघडला.

बरं, उघडला कोणी? ज्याला लाल रंग दिसत नाही त्याने. टोमॅटो पिकला की नाही हे मला विचारणाऱ्या माणसाने. आणि घरात सोल्डरिंग येतं कोणाला? मला. लग्नाआधी तीन वर्षं मी शहाडच्या कारखान्यात टीव्हीचे बोर्ड भरत होते. चाळीस मुलींच्या लायनीत माझा बोर्ड कधी परत आला नाही. तुझे पप्पा आनंदनगरच्या कंपनीत फिटर, लोखंडाचे. त्यांचं सोल्डरिंग म्हणजे वेल्डिंग, एकेका टाक्यावर चिंचोक्याएवढा गोळा. मी सोल्डरची इस्त्री हातात घेतली की म्हणायचे, "तू समोर बस गं. समोरचं माणूस जास्त महत्त्वाचं." मग ते मागे वाकणार आणि मी समोर बसून सांगणार, आता आलं, आता गेलं, आता हिरवट झालं. अँटेनाच्या काळापासून माझी ही नोकरी. शाळेतल्या क्लार्कच्या माझ्या नोकरीत निदान रविवार सुट्टी असते.

दोन आठवडे लाल कुठे अडकला ते शोधत होते. मागच्या शनिवारी उल्हासनगर कॅम्पात धर्मेशच्या दुकानात गेले. पप्पा सगळे पार्ट त्याच्याकडूनच आणायचे. त्याला म्हटलं, लाल येत नाही, रेझिस्टन्स बदलून बघते. तर तो माझ्याकडे बघतच राहिला. "भाभी, क्या बात करते हो? महेंद्रभाई का तो फोन आया था, कम्प्लीट हो गया बोले. इतना खुश आदमी मैंने नहीं देखा." त्याने चार पार्ट पुडीत बांधले आणि वर म्हणाला, "भाभी, एक हाथ जेब में रखना, करंट वाला डब्बा है." साडीला खिसा कुठे असतो?

आणि खालच्या गोदूबाई. दर दोन दिवसांनी भाजीची वाटी आणि तेच वाक्य. "संध्याताई, नशीबवान माणूस. हातातलं काम पुरं करून गेला." पप्पांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशीही सगळ्यांपुढे त्यांनी हेच सांगितलं, आणि तू मान हलवलीस. तुझ्या मोबाईलवर पप्पांच्या फोटोखाली तू तेच लिहिलं आहेस. ते रोज दिसतं. गोदूबाईंना काल मी दारातूनच सांगितलं, भाजी नको, पोट बिघडलंय. त्या काढा घेऊन आल्या. काय करावं या बाईचं?

धर्मेशचे पार्ट घातले, उपयोग शून्य. मग आज डोकं चाललं. मागे बसून समोरचं दिसत नाही, म्हणून बेसिनवरचा आरसा काढून समोरच्या खुर्चीवर उभा केला. एक हात मांडीखाली दाबून धरला. दुसऱ्या हाताने प्लॅस्टिकच्या चमच्याच्या दांडीने एकेक टाका ठोकून बघत गेले आणि डोळे आरशात. सतराव्या का अठराव्या टाक्याला आरशात लाल चमकून गेला. ड्राय सोल्डर. वरून गोळा, आत तार नुसती टेकलेली. प्लग काढला, पिक्चर ट्यूब थंड होऊ दिली, गोळा काढून टाकला आणि माझ्या हाताने टाका दिला. पाच मिनिटांचं काम. त्या दिवशी मी टेबलाजवळ गेले असते तर तेव्हाही पाच मिनिटांचंच होतं.

सई, मुद्दा हा आहे. एकवीस सप्टेंबरचा रविवार. शाळेत तपासणी होती म्हणून मी आठवडाभर उशिरापर्यंत थांबत होते. तीन आठवडे टेबलवर टीव्ही, आम्ही जमिनीवर जेवत होतो. मी भाकरी थापत होते. ते मागून ओरडले, "संध्या, सईची गाडी लाल आहे का, सांग." मी तव्यावरून मान वळवली नाही. म्हटलं, "आहे. लाल आहे. आता ते टेबल मोकळं करा." त्यांनी पुन्हा विचारलं, "नक्की ना?" मी म्हटलं, "नक्की." त्यांनी शीळ वाजवत आठही स्क्रू लावले, तुला फोन केला, धर्मेशला केला. "मम्मीने बघितलं" असं तुला सांगितलं, ते मी ऐकलं. तरीही मी स्वयंपाकघरातून बाहेर आले नाही. मंगळवारी ते कामावर गेले आणि दुपारी कंपनीतून फोन आला. म्हणजे काम पुरं झालं नव्हतं. मी बघितलंच नव्हतं. गोदूबाईंना सांगायचं की नाही ते मी बघेन, पण तुला हे कळायला हवं होतं आणि माझ्याकडूनच कळायला हवं होतं. फोटोखालचं वाक्य ठेवायचं की काढायचं, ते तू ठरव. नवा टीव्ही परत कर किंवा तुझ्याकडे मागवून घे. हा इथेच राहील. येशील तेव्हा जे काय बोलायचं असेल ते याच टेबलाशी बसून बोल.

गाडी आता लाल आहे. आरशात अक्षरं उलटी दिसत होती, म्हणून मागून उठून समोर येऊन बसले. गेमचं बटण कुठलं ते आठवेना, नुसती गाडी भिंतीवर आपटत राहिले. शेवटी पडद्यावर काय लिहून आलं ते लांबूनही वाचता आलं. मी आठांत आठवी आले. आता टीव्ही बंद केला आहे. कव्हर उद्या लावेन. आरसा पुसून बेसिनवर टांगते आणि एका वाटीचा भात लावते.

तुझीच,
मम्मी