वाहत्या बर्फावरचं व्याख्यान

समारा, ३० मार्च १९९३

आदरणीय सेराफिमा मावशी,

तुझ्या वालेरियानचा जमिनीवर उभं राहून नमस्कार. (जमिनीवर हे मुद्दाम लिहिलं; आताशा मी ती गृहीत धरत नाही.) तुझा गुडघा कसा आहे? काकांचा खोकला? आम्ही सगळे बरे आहोत.

गेल्या मंगळवारी व्होल्गेपलीकडच्या रोझ्देस्त्वेनो गावात माझं व्याख्यान होतं : ‘आपल्या शहराचा इतिहास आणि महत्त्व’. शहराला जुनं नाव परत मिळून दोन वर्षं झाली, तरी पलीकडची माणसं अजून सोव्हिएत काळातलं कुइबिशेव्हच म्हणतात. त्यांना शहाणं करायला शाळेने मला धाडलं. बोटी सुरू व्हायच्या होत्या. बर्फ वरून पांढराशुभ्र, आणि चार-पाच जण त्याला भोकं पाडून निवांत गळ टाकून बसलेले. ते बसलेत तर आपण चालायला काय हरकत, असं वाटलं. (इतिहासाच्या शिक्षकाने बहुमतावर विश्वास ठेवायला नको होता.) निम्मी नदी ओलांडली असेल, तोच जाड कापड टरकावं तसा आवाज झाला. वळून पाहतो तर किनारा आणि मी यांच्यामध्ये काळं पाणी, आणि ते रुंदावत चाललेलं.

सुटून वाहू लागलेला बर्फाचा तुकडा आमच्या वर्गाएवढा. त्यावर मी, सावेली नावाचा मच्छीमार आणि क्लावदिया नावाची सहासष्ट वर्षांची म्हातारी, तीही मासे धरायलाच आलेली. सावेली म्हणाला, “मास्तर, तुम्ही जड आहात, मधे या.” (मी जड नाही, ओव्हरकोट जड आहे.) कडेचे लचके तुटून पडत होते. क्लावदिया म्हणाली, “काहीतरी बोला मास्तर. गप्प राहिलं की भीती अंगावर बसते.”

मग मी व्याख्यान दिलं. समोरून अख्खं शहर सरकत होतं. १५८६ साली इथे किल्ला बांधला हे सांगेपर्यंत बिअरचा कारखाना मागे पडला. गव्हाच्या व्यापाऱ्यांवर आलो तेव्हा लाल नाट्यगृह. युद्धात मॉस्को पडतं तर राजधानी इथेच यायची, परदेशी वकिलाती तर आल्याही होत्या, एवढं होतंय तोच एक कोपरा सावेलीच्या मासळीसकट गेला. तो शांतपणे म्हणाला, “राजधानी येईल तेव्हा येईल, आधी होडी येऊ दे.” शेवटी होडी बंदराजवळ आली. आम्ही तिघेही वाचलो.

तुझा,
वालेरियान

ता. क. वर्तमानपत्रात ‘शूर शिक्षक’ म्हणून छापून आलंय. कात्रण सोबत आहे. आईला दाखवू नकोस.

ता. क. २. तुला खरं सांगतो. किल्ल्यानंतर माझा आवाजच फुटला नाही. मी ओव्हरकोट डोक्यावर घेऊन पालथा पडलो होतो. पुढचं सगळं क्लावदिया बोलली, माझी मूठ धरून. युद्धाच्या काळात, चौदाव्या वर्षी, ती विमानाच्या कारखान्यात कामाला उभी राहायची; वर छप्पर नाही, थंडीत पत्र्याला बोटं चिकटायची, सोडवताना कातडी निघायची. “राजधानी आली म्हणतात,” ती म्हणाली, “मला तर पावाची रांग लांबलेली दिसली.” हे माझ्या व्याख्यानाच्या वहीत कुठेच नव्हतं.

ता. क. ३. मे महिन्यात हेच व्याख्यान बोटीवर ठेवलंय. मी क्लावदियाचं नाव सुचवलं; ती म्हणते, येते, पण मास्तर शेजारी बसले तरच. म्हणून एवढंच कर : एप्रिलअखेर तार पाठव, ‘मावशी अत्यवस्थ, ताबडतोब निघा’. तुझ्याकडे येणारी सारातोव्हची गाडी सिझरानला व्होल्गेच्या पुलावरून जाते हे मला ठाऊक आहे. तेवढ्यापुरती मी झोपेची गोळी घेईन.