जर्मनांच्या स्वयंपाकघरात

सिस्टर, तुम्हाला देवाघरी जाऊन तीस वर्षं झाली, आणि मी आज इथे आखातात, डिस्कव्हरी गार्डन्समधल्या मुलाच्या घरी बसून तुम्हाला लिहिते आहे. एक गोष्ट कबूल करायची राहिली आहे. मागच्या आठवड्यात मुलाने आम्हाला युरोप दाखवला, तेव्हा तुमच्या गावासाठी मी एक दिवस मागून घेतला. युद्धात जर्मनांनी गाव व्यापलं तेव्हाची त्यांची कचेरी अजून आहे, बागेखाली, जमिनीत. भिंती इतक्या जाड की पाडल्या तर शेजारची घरं कोसळतील, म्हणून ठेवली म्हणे. नकाशांची खोली, टेलिफोनची खोली, आणि शेवटी स्वयंपाकघर. तिथून माझा पाय निघेना. "आजी, इट्स जस्ट अ किचन. यल्ला, चल ना!" नात म्हणाली. मुलाने विचारलं, "पाय दुखतायत का, आई?" मी हो म्हटलं.

तिथल्या चुलीपुढे उभी राहिले, आणि मी पुन्हा सातवीत आहे. माझी आई आपल्या कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगमध्ये पोळ्या लाटते आणि मी वर्गात सांगते की ती टीचर आहे. तुम्ही मला कोठीत नेऊन रागावता. "काम म्हणजे चोरी नाही! माझी आई जर्मन लोकांचा जेवण करत होती. घरात आम्ही चार मुलं, भूक. युद्ध संपला, लोक तिच्यावर थुंकले." मग हळूच, "कोणाला सांगू नको."

मला ते पेलवलं नाही. आम्हा हिंदू मुलींना कन्फेशन, म्हणजे चर्चमधल्या पेटीत बसून फादरना पापं सांगणं, नव्हतं, पण त्या पेटीतलं बाहेर जात नाही एवढं ऐकलं होतं. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी त्या रांगेत शिरले आणि पेटीत तुमच्या आईचं सगळं सांगितलं. तिथे कुजबुजायचं असतं हे मला कुठे ठाऊक! इलोक्यूशनच्या, वक्तृत्वाच्या तासाला तुम्हीच शिकवलेलं, आवाज शेवटच्या बाकापर्यंत गेला पाहिजे. गेला. बाहेर थांबलेल्या मुलींनी सगळं ऐकलं. दुपारी जेवणाच्या रांगेत त्या तुम्हाला पाहून टाचा जुळवून सलाम ठोकत होत्या. "हिटलर्स कुक!" तुम्ही माझ्याकडे एकदाच पाहिलंत. दिवाळीच्या सुट्टीनंतर तुम्ही नव्हतात. बदली झाली, एवढंच तेव्हा कळलं.

ती अजाण पोरीची चूक होती, अशी इतकी वर्षं मी स्वतःची समजूत घालत आले. आता तेही थकवतं. हे पत्र पाठवायला पत्ता नाही, असता तरी धीर झाला नसता. पण त्या चुलीसमोर उभी असताना मला ती पेटीतली मी स्पष्ट आठवली, सिस्टर. सांगताना मला बरं वाटत होतं. कारण माझ्या आईच्या कामापेक्षा तुमच्या आईचं काम जास्त लाजिरवाणं होतं.