तव्याची डावी बाजू

धाटाव नाका,
शनिवार, दुपार

प्रिय पारी,

कान्हूचा टेम्पो उद्या सकाळी पेणला जातोय. तिथून गागोद्याला तुझ्या भावाच्या वीटभट्टीवर चिठ्ठी पोचवीन म्हणालाय, म्हणून बसलेय लिहायला. फोन तू उचलत नाहीस. उचलला असतास तरी मला धड बोलता आलं नसतं. चौथीत तुझं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं होतं, तेव्हा माझ्या अक्षराला हसू नको.

आपल्या खाण्याच्या गाडीवर सगळं ठीक आहे असं लिहिणार होते, पण ठीक नाही. घावन सुटत नाहीत. तव्यावरचा गंज काढला त्या दिवसापासून हे चाललंय. पीठ तेच, पाणी तेच, आच तेवढीच. डावीकडे घावन घातलं की धरून बसतं आणि कालथा लावला की फाटतं. उजवीकडची भुर्जी मात्र पूर्वीसारखी सरसर सुटते. एकाच लोखंडाचा एक तवा आणि दोन तऱ्हा. मला काही कळेनासं झालंय.

उपाय सगळ्यांकडे आहेत. पहिल्या शिफ्टची पोरं म्हणतात, "मावशी, पीठच भुर्जीत टाक, नवीन आयटम होईल." शेजारच्या धोंडुबाईने दृष्ट काढली. तापल्या तव्यावर सात मिरच्या टाकल्या आणि कंपनीच्या बसला थांबलेली अख्खी रांग खोकत सुटली. ती म्हणाली, "बघ, केवढी लागली होती!" अर्धा कांदा तेलात बुडवून तवा पुसला, नारळाच्या शेंडीनेही पुसला. तू करायचीस ते सगळं केलं. तुझ्यासारखं झालं नाही.

आठवतं का, हा तवा आणला तो दिवस? जाड पत्र्याचा, तीन फुटी, खाली दोन बर्नर. मधोमध पट्टी जोडून घ्यायची कल्पना तुझी. डावीकडे तुझं घावन, उजवीकडे माझं अंडं, म्हणजे वारकरी-माळकरी कुणी आलं तरी शंका नको. मला त्याच सकाळी धंदा सुरू करायचा होता. तू म्हणालीस, "घाई नको करू गो. आधी त्याला जेवू घाल, मग तो आपल्याला घालील." तीन दिवस आपण त्याला नुसतं तेल आणि कांद्याची सालं चारली. नदीवरून वारा सुटला की डावा बर्नर विझायचा. तू आडोशाचा पत्रा गुडघ्याने दाबून धरायचीस आणि हात घावन पसरतच असायचे. पाच वर्षांत तुझी बाजू काळीभोर झाली, काचेसारखी. त्यावर तेलाचा थेंब टाकला तर पळायचा.

खांब गावचे हैबतराव अजून दर गुरुवारी रोह्याला जाताना थांबतात. चार घावन उभ्याने खाऊन "पारे, जाळी काय पडलीय!" म्हणणारे तेच. गौरीच्या आदल्या दिवशी ते आले तेव्हा तू लवकर गेली होतीस. त्यांच्या बायकोचा, विमलबाईंचा हात मोडलेला, घरात घावन-घाटल्याचा नैवेद्य करायला कुणी नव्हतं. मला बाजूला घेऊन म्हणाले, "मालू, तू आपल्यातलीच. सकाळी तीस घावन काढून दे. तवा तेवढा घासून घे." एवढंच बोलले. कुणाचं नाव घेतलं नाही. मीही काही विचारलं नाही. व्हय म्हणाले आणि ते गेल्यावर राख, विटकर आणि तारेची घासणी घेऊन बसले. दोन तास घासत होते. लोखंड पांढरं पडलं तेव्हा थांबले.

सकाळी तू आलीस. तव्यावरून बोटं फिरवलीस आणि विचारलंस, "कुणासाठी घासलास गो?" मी म्हटलं, गंज चढला होता. तू कालथा पुसलास, खिळ्याला अडकवलास आणि तुमच्या आदिवासीवाडीच्या रस्त्याला लागलीस. मी हाक मारली नाही. गिऱ्हाईक उभं होतं, हे मी स्वतःला सांगितलं. खरं तर तेव्हा गाडीवर कुणीच नव्हतं. आणि त्या तीस घावनांतलं एकही अख्खं निघालं नाही. गौरीपुढे तुकडे वाढले.

परवाच्या गुरुवारी हैबतराव आले, फाटकं घावन बशीत उलटंसुलटं करून म्हणाले, "पारीला बोलव की गो. ती जाळी तुझ्या हाताला नाय." मला राग आला. म्हटलं, मग गौरीच्या वेळी तवा घासायला का लावलात? त्यांनी बशी खाली ठेवली. "अंड्याचा तवा तो. नैवेद्याला घासायला नको?" म्हणाले, आणि हात धुवायला गेले. खरं बोलले की आता सोयीचं बोलले, मला सांगता येत नाही. ज्याने तुझ्या हातचं इतकी वर्षं मिटक्या मारत खाल्लं, त्याच्या मनात तुझ्या हाताबद्दल तसलं काही नसेलही. किंवा असेल. दोन दिवस मी तेच घोळवतेय. त्यांच्या मनातलं मला नाही कळत.

माझ्या मनातलं मात्र काल तवा पुसताना दिसलं. गंज नव्हता, पारी. तेल प्यालेल्या लोखंडाला गंज कुठला चढतो? ते तुला माहीत होतं, मलाही होतं. अंड्यासाठी घासायचा असता तर अंड्याची बाजू घासली असती. ती आजही पहिल्यासारखी काळी आहे, तिला मी हातसुद्धा लावला नव्हता. मी डावी बाजू घासली. तिथे पाच वर्षांत अंडं कधी पडलं नाही, तिथे फक्त तुझा हात फिरला होता. कुठली बाजू घासायची ते हैबतरावांनी सांगितलं नव्हतं. ते माझं मीच ठरवलं. तू विचारलंस त्याचं उत्तर द्यायचं राहिलं होतं, म्हणून हे पत्र. कालथा खिळ्यालाच आहे. डावा बर्नर मी कालपासून बंद ठेवलाय.

तुझीच, उजव्या बाजूची,
मालू