बीड बायपासचं ॲमेझॉन

४ एप्रिल २०१६, सोमवार
पोचलो! पुण्यात अकरा वर्षं वर्षावनांचा भूगोल शिकवल्यावर शेवटी मला जंगल मिळालं. तेही औरंगाबादेत, बीड बायपासला, दोन अर्धवट इमारतींच्या मधे. नानासाहेब नावाच्या बिल्डरांनी नव्या वसाहतीचे फ्लॅट खपावेत म्हणून काचेच्या मोठ्या घुमटात 'ॲमेझॉन' उभारलं आहे. मी त्याचा संचालक. खोलीला कूलर आहे, खिडकीतून घुमट दिसतो, मी खुशीत आहे.

जंगल मात्र काय वर्णावं! नर्सरीतून उचललेली रबराची झाडं, तारेवर टांगलेल्या वेली, आणि प्लास्टरचा जग्वार, ज्याचा चेहरा शहागंजातल्या बोकडासारखा आहे. दारापासून समोरच्या काचेपर्यंत मोजून साठ पावलं. पंचावन्न लाख चौरस किलोमीटरचं वन या माणसाने साठ पावलांत बसवलं! हत्ती कुठं ठेवायचा, असं त्यांनी विचारलं. ॲमेझॉनात हत्ती नसतो म्हटल्यावर ते हिरमुसले.
"मंग लोकं काय बघायला येतील, सर? झाडं?"

७ एप्रिल
शहरात नळाला चौथ्या दिवशी पाणी येतं. इथे टँकर लावून दिवसातून तीनदा पाऊस पाडतात. झाडलोटीला आवडाबाई आहे, देवगाव रंगारीची, पन्नाशीची. गावातली विहीर आटल्यावर लेकीकडे राहायला आली. तिचं म्हणणं, जंगलाला लई तहान आहे; तीन टँकर ओतले तरी माती कोरडीच. मी तिला बाष्पोत्सर्जन समजावून सांगितलं. ती व्हय व्हय म्हणाली आणि तोंड फिरवून हसली. अशांपुढे शास्त्र म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

१२ एप्रिल
मुंग्यांची रांग दिसली. प्रत्येकीच्या तोंडात पानाचा कापलेला तुकडा. ही जात भारतात नाही. कुणीतरी माझी परीक्षा पाहतं आहे. औरंगपुऱ्यातल्या कुठल्या तरी महाविद्यालयातला रिकामटेकडा प्राध्यापक असणार.

१६ एप्रिल
बायपासवरची कुत्री पाण्याच्या वासाने आत शिरतात. आवडाबाईने शिरताना पाच मोजली. बाहेर एकही आलं नाही. तिने हे सांगितलं तेव्हा मी तिला झापलं. मग स्वतः मोजायला गेलो. कुत्री नाहीत. समोरची काच एकशे चाळीस पावलांवर.
चालण्यात चूक झाली असेल. इथल्या उन्हात कुणाचंही डोकं फिरेल.

१९ एप्रिल, मंगळवार
आवडाबाईने सकाळी आत जायला नकार दिला. आत कुणीतरी पाणी पितंय म्हणे. लई मोठं.
नानासाहेबांच्या देखत मी तिला कामचुकार म्हणालो. समोरच्या काचेला हात लावून परत ये, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस, असंही म्हणालो. तिने पदर खोचला, झाडू घेतला आणि गेली.
तेव्हा अकरा वाजले होते.
दोन वाजले. आली नाही. नानासाहेब म्हणतात, मागच्या दाराने घरी गेली असेल. घुमटाला मागचं दार नाही. त्यांनीच बांधला आणि त्यांनाच माहीत नाही!
चार. तिची लेक दाराशी येऊन बसली आहे. आई कुठंय, असं तिने मला विचारलं. मी टँकरवाल्यावर ओरडत राहिलो.

२० एप्रिल, सकाळ
आत आहे. दिशा चुकू नये म्हणून लिहितो आहे. तीनशे पावलं, काच नाही. तारा संपल्या. या वेली खऱ्या आहेत.

थोड्या वेळाने
वर घुमट दिसत नाही. झाडांवर झाडं, चार थर. हेच मी फळ्यावर काढायचो. खाली हिरवा अंधार असतो असं लिहून द्यायचो—मूर्ख. खाली काय असतं ते कधी—
आठशे पावलं. जमिनीला उतार. तिला हाका मारल्या. प्रत्येक हाकेनंतर माकडं गप्प होतात. माझ्यामुळे नव्हे. दुसरं काहीतरी—

दुपार
नदी. पलीकडचा काठ दिसत नाही.
चिखलात अनवाणी पावलं. त्यांच्या शेजारून काहीतरी ओढत नेल्याचा पट्टा, माझ्या खोलीएवढा रुंद.
परत जावं. मी काही रखवालदार नाही, मी—
पट्टा ओला आहे. पुढे जातो.

सापडली. जिवंत आहे. उंच मुळांच्या खोबणीत बसली आहे, घोटा सुजलेला. मी माफी मागितली. नीट मागता आली नाही.
ती म्हणते, ते ऱ्हाऊ द्या. लिवत ऱ्हा, हात हलू द्या, मान हलवू नका. ती माझ्याकडे बघत नाही, माझ्या खांद्यावरून मागे बघते आहे. काय आहे, असं हळूच विचारलं.
"नाव ठावं नाय, सर. तुमाला तरी असंल का?"
नाही. मला नाही—
ती हात पुढे करते आहे. तीन म्हणलं की खोबणीत उडी मारा म्हणते. मानेवर ऊन श्वास. एक म्हणाली. दोन म्ह