निळ्या चिठ्ठीचे उंदीर

मंगळवार, ९ मार्च
सकाळचे साडेदहा

चि. ठोंब्या,

अनेक आशीर्वाद. ते नेहमीचेच, पण आज आधी कामाचं. उद्या सकाळी नऊ वाजता तुला दुसरं इंजेक्शन द्यायला येतील. घेऊ नकोस. नर्स गोड बोलेल, डॉक्टर रागावतील, कुणी तुझ्या भावोजींना फोन लावून तुझ्या कानाला लावेल. नाही म्हणजे नाही. कुणी ऐकलंच नाही तर आरडाओरडा कर, चाव, लाथा घाल. लहानपणी माझ्यावर जे जे प्रयोग केलेस ते सगळे त्या वॉर्डात कर.

अक्षर बघून हसू नकोस, डाव्या हाताने लिहितेय. उजव्याची तीन बोटं मोडली आहेत. पत्र पिंजरेवाले काका घेऊन येतील. आमच्या लॅबमधले उंदीर सांभाळतात ते. दुपारच्या बसने निघाले की संध्याकाळपर्यंत तुझ्याकडे पोहोचतील. फोन का नाही केला म्हणशील. माझ्या फोनचा चुरा झालाय. इथून एकच करू दिला, तो तुझ्या वॉर्डात केला. तिथली बाई म्हणाली, "मॅडम, सरांना विचारल्याशिवाय आम्ही काही थांबवू शकत नाही." सर म्हणजे तुझे भावोजीच. डोक्याला तेरा टाके पडलेत, तरी पलंगावरून हुकूम सोडताहेत.

ते टाके माझ्यामुळे पडले. आणि 'इथून' म्हणजे पोलीस चौकीतून. घाबरू नकोस. हवालदारीणबाई बऱ्या आहेत, कागद आणि पेन त्यांनीच दिलं.

औषधाचं तुला मागे समजावलं होतं. कॅन्सरच्या पेशीवर एक कुलूप असतं, ते उघडलं की पेशी वाढत सुटते. आमची अँटिबॉडी त्या कुलपात जाऊन बसणार, म्हणजे दुसरी कुठली चावी आत शिरणार नाही. अकरा वर्षं आम्ही नवराबायकोने ह्यात घातली. मूल पुढे ढकललं, मग राहूनच गेलं.

जानेवारीत चाळीस उंदरांना तुझ्यासारखाच रक्ताचा कॅन्सर दिला. अर्ध्यांना औषध, अर्ध्यांना नुसतं मिठाचं पाणी. कुणाला काय मिळतंय ते आम्हालाच कळू नये, म्हणून बाटल्यांवर आणि पिंजऱ्यांवर निळ्या नाहीतर पिवळ्या चिठ्ठ्या. कुठल्या रंगात काय ते काकांनी लिहून पाकीट बंद केलेलं. अशी पद्धतच असते, नाहीतर माणूस आपल्याला हवं तेच बघतो.

निळे भराभर मरायला टेकले. टेकले की मान मोडायची, ते काम माझं. अंगठा मानेवर दाबायचा, दुसऱ्या हाताने शेपटी ओढायची, कट. दिवसाला चार-चार. पोट फाडलं की प्लीहा सुजून बोटाएवढी झालेली, टेबलभर रक्त. आणि आम्ही हसत होतो रे! निळे म्हणजे मिठाच्या पाण्याचे, असंच धरून चाललो होतो. पिवळे टुणटुणीत होते ना. तुझ्या भावोजींनी मला उचलून गोल फिरवलं, रक्ताच्या हातमोज्यांसकट.

मग पाकीट फोडलं. औषध निळ्यात होतं.

आम्ही कुलूप बुजवायला गेलो आणि आमची अँटिबॉडीच चावी निघाली. जितकं औषध जास्त, तितका कॅन्सर जोरात.

तुझ्या भावोजींनी पाकिटातला कागद दोनदा वाचला. मग उठून त्यांनी काकांची कॉलर धरली आणि त्यांना भिंतीवर आपटलं. "चिठ्ठ्या उलट्या लावल्यास तू!" काका म्हणाले, "साहेब, तीस वर्षं हेच करतोय मी." पुन्हा आपटलं. त्यांच्या ओठातून रक्त आलं. मी उभी होते, बघत होते. आणि नोंदवहीत निळ्याचं पिवळं झालं.

मी गुपचूप पुन्हा करून बघितलं. आठ उंदीर, चिठ्ठ्या माझ्या हाताने लावल्या. काल सकाळी शेवटचा फाडला. तेच. वही घेऊन ह्यांच्यासमोर उभी राहिले, तर म्हणतात, "बुधवारचा डोस होऊ दे, मग बघू. नाहीतरी त्याच्याकडे दुसरं काय उरलंय?" त्याच्याकडे म्हणजे तुझ्याकडे.

मी वॉर्डात फोन लावायला गेले. नवऱ्याने तो हिसकावून जमिनीवर आपटला आणि बुटाने चिरडला. मी पुरावा म्हणून औषधाची बाटली काढायला फ्रीझरमध्ये हात घातला, तर त्याने खांदा लावून लोखंडी दार बंद केलं. हाडाचा आवाज मला ओळखीचा आहे, रोज ऐकते. बोटं सुटली तशी मी डाव्या हाताने स्टूल उचललं. पहिला घाव स्वतःला वाचवायला होता. तो खाली पडला, चष्मा फुटला, हात वर करून "बास, बास" म्हणायला लागला. पुढचे तीन मी मारायचे म्हणून मारले. काकांनी कमरेला धरून ओढलं नसतं तर आज खुनासाठी इथे असते. त्याचा मला पश्चात्ताप नाही. दुसऱ्याच गोष्टीचा आहे.

पाकीट कधी फोडलं, ते तू विचारशीलच. मघापासून तेच टाळतेय. बारा फेब्रुवारीला फोडलं. तुला पहिलं इंजेक्शन पंधराला दिलं.

नोंद बदलली की खाली दुसऱ्याची सही लागते. ती माझी आहे. तेव्हा माझ्यावर कुणी हात उगारला नव्हता. त्याने पेन पुढे केलं आणि मी सही केली. तुझ्या बाकीच्या औषधांनी हात टेकले होते, म्हणून काकाच चुकलेले असावेत असं मला हवं होतं. सुई टोचली तेव्हा तुझा हात मीच धरला होता. तू विचारलंस, "ताई, माझ्याआधी किती उंदीर बरे झाले?" मी म्हणाले, "वीसच्या वीस."

त्यानंतर तुझ्या पांढऱ्या पेशी दुप्पट झाल्या, नाकातून रक्त यायला लागलं. डॉक्टर म्हणतात, सुरुवातीला असं होतं. होत नाही. ते आम्ही केलंय. पहिला डोस हळूहळू अंगातून उतरेल, दुसरा घेतलास तर मग माझ्या हातात काही राहणार नाही.

सोबत वहीची पानं आहेत, दोन्ही वेळची. थेट मोठ्या डॉक्टरांच्या हातात दे, मधल्या कुणाकडे नाही. चौकीत फक्त मारहाणीचं लिहून घेतलंय, सहीचं कुणाला ठाऊक नाही. हे पत्र पाहिजे त्याला दाखव, पोलिसांनासुद्धा.

माफी मागत नाही. मागितली की तू लगेच देऊन टाकशील, वर एखादा विनोद करशील. ह्या वेळी नको करूस. काकांदेखत संमतीच्या कागदावर काट मार. मग जन्मभर मला शिव्या घाल. त्या घालायला तू राहा, एवढंच मागते.

तुझी,
ताई