अध्यक्षांच्या गाडीसह

कॉपर बे, मिशिगन
९ जानेवारी २००४

ती. लेंपीताईस,
धाकट्या आर्वोचा सा. न. वि. वि.

तुझ्या गेटवरची पाटी पाहिली. 'मोठ्या आवाजाच्या स्नोमोबाईलना बंदी' इथवर ठीक. जमीन तुझी, मर्जी तुझी. पण त्याखाली लाल रंगात 'क्लबच्या अध्यक्षांच्या गाडीसह' असं लिहायची काय गरज होती? गेली नऊ वर्षं इथल्या स्नोमोबाईल क्लबचा अध्यक्ष मीच आहे, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. माझ्या हाताखालच्या वेनोने त्या पाटीचा फोटो काढून माझ्याच गॅरेजात चिकटवला. गिऱ्हाइकं आधी फोटो बघून हसतात, मग स्पार्क प्लग मागतात.

सोबत यंदाचा परवानगीचा कागद आहे. तुझ्या गवताच्या रानातून वाट गेली नाही तर जुना रेल्वेपूल गाठता येत नाही, आणि पूल नाही तर बर्फावरून येणाऱ्या उत्तरेकडच्या गाड्या आमच्या गावात यायच्याच नाहीत. माझं गॅरेज, आमच्या सौ. डोलोरेसची खानावळ, सगळं तुझ्या रानातल्या त्या अर्ध्या मैल वाटेच्या जिवावर उभं आहे. दरवर्षी डोळे मिटून सही करतेस, यंदाही कर. मुदत ३१ तारखेची आहे.

राहिला माझा नवा सायलेन्सर. कंपनीच्यापेक्षा नऊ पौंड हलका, गाडी हरणासारखी पळते, आणि आवाज म्हणशील तर इतर गाड्यांइतकाच. उगाच राईचा पर्वत करू नकोस. डोलोरेसने वेलचीचा ब्रेड पाठवला आहे.

लोभ असावा, आणि गेट उघडं असावं.
तुझा
आर्वो


हेमलॉक रोड
१३ जानेवारी

चि. आर्वोस अ. उ. आ.
(अध्यक्षांसाठी वेगळा मायना मला येत नाही, हाच गोड मानून घे.)

ब्रेड पोचला आणि संपलाही. कागदही पोचला. तो फ्रिजवर चुंबकाखाली लावलाय, तिथेच राहील.

इतर गाड्यांइतकाच आवाज? नाताळच्या आदल्या रविवारी तू मासा द्यायला आलास, ते तू पुलावर असतानाच मला कळलं. पूल माझ्या दारापासून पाऊण मैल आहे. कुत्रा पलंगाखाली शिरला तो सोमवारी बाहेर आला. तेही सोड. माझ्या चाळीस मेंढ्या गाभण आहेत. तुझी गाडी आली तशा सगळ्या एकदम कोपऱ्यात धावल्या आणि एकमेकींवर चढल्या. एक कुंपणाच्या खांबाशी चेपली, दुसऱ्या दिवशी तिचं कोकरू पडलं. मी ते हातात घेतलं होतं, आर्वो. तुला तेव्हा सांगितलं नाही, सणाचे दिवस होते. म्हणून ती पाटी.

दिवसाला पन्नास गाड्या जातात, मेंढ्या मान वर करत नाहीत. आणि तुझ्या त्या वस्तूचं नाव म्हणे सायलेन्सर! नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. कंपनीने दिलेला चांगला चालत असताना तो काढून हा भोंगा बसवायचं खूळ एकसष्टाव्या वर्षी कुणी भरवलं तुझ्या डोक्यात?

डोलोरेसला आशीर्वाद. तुलाही आहेत, पण जरा कमी.
लेंपीताई


कॉपर बे
१९ जानेवारी

ती. लेंपीताईस सा. न. वि. वि.

कोकराचं वाचून वाईट वाटलं. पण ते माझ्यामुळेच, हे कशावरून? कोल्हा आला असेल, बर्फ घसरलं असेल. मी हवेत बोलत नाही, पुरावा देतो. काल गॅरेजच्या मागे क्लबच्या यंत्रावर आवाज मोजला. तेरा फुटांवर यंत्र, इंजिनाचे फेरे मिनिटाला चार हजार, अगदी नियमात लिहिलंय तसं. यंत्र वेनोच्या हातात होतं, माझ्या नव्हे. कायद्याची मर्यादा अठ्ठ्याऐंशी डेसिबल, माझी गाडी शहाऐंशी! वेनोच्या सहीनिशी आकडा सोबत जोडला आहे. आता बोल.

तू एकतीस वर्षं शाळेत भौतिकशास्त्र शिकवलंस, तेव्हा आकड्यांशी भांडणार नाहीस अशी खात्री आहे. खरं सांगू का, हल्ली लोकांचे कानच नाजूक झालेत. मी एकटाच खणखणीत बोलतो म्हणून मी आवाजी. बाकी सगळे तोंडातल्या तोंडात पुटपुटतात. गिऱ्हाइकं पुटपुटतात, वेनो पुटपुटतो, आणि डोलोरेसनेही आता तेच धरलंय. त्यापेक्षा पत्र बरं. कागदावर कुणी पुटपुटत नाही, आणि तुला मला मध्येच तोडता येत नाही.

सही करून कागद उलट टपालाने पाठव. लोभ आहेच, तो कायद्याच्या मर्यादेत राहावा.
आर्वो


हेमलॉक रोड
२१ जानेवारी

चि. आर्वोस अ. उ. आ.

आकड्यांशी मी भांडत नाही, आकडे काढणाऱ्याशी भांडते. तू रविवारी मोजलंस. शनिवारी चौदा इंच नवं बर्फ पडलं, आणि तुझ्या गॅरेजमागे फावडं मारायची पद्धत नाही. भुसभुशीत बर्फ आवाज पिऊन टाकतं, हे माझ्या वर्गातल्या सर्वांत ढ मुलालाही सांगता आलं असतं. तो मुलगा वेनो होता, पण ते राहू दे.

शनिवारी माझ्या अंगणात ये. मी ते खरवडून दगडासारखं कडक करून ठेवते. यंत्र, वेनो आणि जुना सायलेन्सर घेऊन ये. दोन्ही मोजू. तुझा खरा निघाला तर पाटी मी स्वतः उपटून चुलीत घालीन. मेंढ्या त्या दिवशी शेजाऱ्यांच्या गोठ्यात ठेवते.

कॉफी तयार असेल. हरणाऱ्याने कप धुवायचे.
लेंपीताई


हेमलॉक रोड
२५ जानेवारी

चि. आर्वोस अ. उ. आ.

काल कॉफी न घेताच गेलास, म्हणून लिहिते. चौऱ्याण्णव. वेनोने आकडा दोनदा वाचला आणि विषय संपला. मी खरं तर नाचायला हवं होतं.

पण मला दुसरंच काही दिसलं. तुम्ही जुना सायलेन्सर बसवलात, वेनोने गाडी चालू केली, आणि तू त्याच्यावर ओरडलास की अरे, आता चालू कर की. वेनो हसला, मीही हसले. वाटलं, तुझी नेहमीची चेष्टा. मग तू हातमोजा काढलास, तळवा गाडीच्या बॉनेटवर ठेवलास, आणि मी तुझा चेहरा पाहिला. इंजिन चालू होतं, आर्वो. मला ते गोठ्याच्या दारातून नीट ऐकू येत होतं.

घरात आले आणि एकेक गोष्ट जुळत गेली. ऑक्टोबरपासून तू फोन उचललेला नाहीस. मी केला की डोलोरेस घेते आणि तू गॅरेजात असतोस. लष्करातून दोन वर्षांत एक पोस्टकार्ड टाकणारा माझा भाऊ आता पानंच्या पानं लिहितो! मी खुळी, तुला बहिणीचा उमाळा आला म्हणून सुखावले होते. लोक पुटपुटत नाहीत रे बाळा. डोलोरेसही नाही.

पाटी लावताना मी धरून चालले होते की तू धडधडीत खोटं बोलतोस. तू खरंच बोलत होतास. तुला तो आवाज इतरांइतकाच वाटत होता. मला फार वाईट वाटतंय, आणि हे मला आधी कळलं नाही याची लाजही वाटते.

आता नीट वाच. सायलेन्सर बदललास एवढ्यावर सही मिळणार नाही. कानाच्या डॉक्टरांकडे जा. त्यांनी काय लिहिलंय ते डोलोरेसने मला फोनवर वाचून दाखवलं की सही करीन, त्याआधी नाही. मग वाट बंद पडली तरी चालेल. याला दादागिरी म्हण नाहीतर ताईगिरी म्हण.

तुझ्यावर चिडलेली आणि तुझ्यावर जीव असलेली,
लेंपीताई


कॉपर बे
६ फेब्रुवारी

ती. ताईस,
आर्वोचा सा. न. वि. वि. (यातला साष्टांग या वेळी खराखुरा.)

डोलोरेसने फोनवर डॉक्टरांचं लिखाण वाचून दाखवल्यावर तीस तारखेला तू स्वतः गाडी हाकत येऊन सहीचा कागद क्लबात दिलास, हे कळलं. मी तेव्हा शहरात डॉक्टरांसमोर दुसऱ्यांदा बसलो होतो, कानांत यंत्रं घालून घ्यायला. चाळीस वर्षं उघड्या कानांनी इंजिनांवर वाकलो, त्यात जे गेलं ते परत येणार नाही. उरलंय ते या यंत्रांनी ऐकू येईल. बाहेर पडताना डोलोरेसने कोटाची चेन ओढली आणि मी दचकलो. चेनला आवाज असतो, हे मी विसरलोच होतो.

आता त्या सायलेन्सरबद्दल. नऊ पौंडांची गोष्ट थाप होती. मी गाडी कायम कानाने चालवली, इंजिन काय म्हणतंय ते ऐकून. गेल्या हिवाळ्यात ते बोलेनासं झालं. सोफ्यावर बसून रानातून घसरत जावं तसं वाटायचं, आणि मला भीती वाटायची. मग तो भोंगा बसवला, तेव्हा पुन्हा ऐकू आलं. मी इतका खूश झालो की दुसऱ्या कुणाला काय ऐकू येत असेल, हा विचारच केला नाही. कोकरू माझ्यामुळे गेलं, ताई. कोल्ह्याचं नाव घेतलं याची माफी मागतो. मेंढ्या व्यायला लागल्या की आठवडाभर येतो, सांगशील ते काम करीन.

बुधवारी क्लबची सभा झाली. नियम केला की बाहेरून बसवलेला प्रत्येक सायलेन्सर कडक जमिनीवर मोजायचा, आणि अठ्ठ्याऐंशीच्या वर गेला तर त्या गाडीला वाट बंद, अध्यक्षांच्या गाडीसह. आरडाओरडा झालाच. कुणीतरी म्हणालं, आम्हाला तर काही आवाज वाटत नाही. तेव्हा मी उभा राहिलो, कानातलं यंत्र काढून टेबलावर ठेवलं आणि म्हणालो की मलाही वाटत नव्हता. तेवीस हात वर झाले. नियम एकमताने झाला.

सभा सुटल्यावर यंत्र पुन्हा कानात घालून मी गाड्या लावतात तिथे उभा होतो. एकेक जण मला वेगळं गाठायला लागला. इकडे तिकडे बघायचा, कुणी ऐकत नाही ना याची खात्री करायचा आणि अगदी कानाशी लागून डॉक्टरांचा नंबर मागायचा. असे पाच जण आले, वेनोसुद्धा. पाचही जण कुजबुजत होते, आणि ताई, पाचही जणांचं बोलणं मला पहिल्या फटक्यात कळलं.

डोलोरेसचा नमस्कार. पत्रोत्तर नको, फोन कर. मीच उचलीन.
तुझा
आर्वो